काळी पाच

सगुणचा फोन आला तेव्हा जेवणं आटोपली होती आणि गोकुळदास ओटीवर बडीशेप चघळत बसला होता. त्याने दोनदा 'हां, हां' केलं आणि पलीकडचं बोलणं चालू असतानाच फोन सुमंगलेपुढे धरला.

"तुकाच विचारता तो. तूच सांग."

सगुण पणजीच्या स्टुडिओतून बोलत होता. फार अदबीने बोलत होता, आणि सुमंगलेला नेमकं तेच सहन होत नव्हतं. "सुमंगलाताई, घाई करत नाही. फक्त संध्याकाळपर्यंत सांगा. मुंबईच्या त्या मुलीची तारीख मी धरून ठेवलीय. तुम्ही गाणार असाल तर सोडून देतो."

"सांगते," ती म्हणाली आणि फोन भावाच्या हातात परत दिला.

आज आईचं वर्षिक, श्राद्धाचा दिवस. भटजी पिंड करून गेले होते, कावळा शिवला होता, आणि दरवर्षी या वेळी सगळे लवंडतात तसं आज कोणी लवंडलं नव्हतं. डिचोलीहून थोरला रघुनाथ आला होता, लाटंबार्सेहून सुमंगला. हरमलच्या पर्यटकांच्या खोल्या दोन दिवस नोकरांवर टाकून गोकुळदास पेडण्याच्या या घरी येऊन राहिला होता. त्या खोल्यांच्या पाटीवरही आईचंच नाव होतं: कमलाक्षी. रशियन पाहुण्यांना ते उच्चारता येत नसे, पण गोकुळदासने पाटी बदलली नव्हती.

ठरलं होतं ते असं. कमलाक्षीने गायलेलं 'पैलाड वाजे घंटा, ऐलाड माझे घर' हे एकच गाणं मागे उरलं होतं. देवळाच्या मंडपात टेपवर भरलेलं. त्याच्या कॅसेटी निघाल्या, त्या पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत गेल्या, आणि कमलाक्षी गेल्यावर गाणं तिच्यापेक्षा मोठं झालं. आता सगुण त्यातला आवाज सुटा काढणार होता, मागे नवी वाद्यं घालणार होता, आणि त्या आवाजाशेजारी दुसरा आवाज बसवणार होता. एक ओळ आईची, एक लेकीची. सप्ताहाच्या दिवशी सगळ्या गावाला ऐकवायचं.

पण लेक स्टुडिओत दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा अंतऱ्याला तिचा आवाज फाटला.

फाटणारच होता. आई काळी पाचला गायची. तालुक्यातल्या बायका काळी चारला गातात, फार तर तिच्या वरच्या पांढरीला. त्याच्याही पुढचं घर कमलाक्षीचं. हे या घरात मुलांना पाढ्यांबरोबर शिकवलं जाई. सुमंगलेला आई आठवत नव्हती, ती गेली तेव्हा ही जेमतेम चार वर्षांची. तिला आठवत होती ती कॅसेट. कॉलेजात असताना कॅसेट लावून तिच्याबरोबर काळी पाचला गाता गाता तिने घसा असा ताणून घेतला की म्हापशाच्या स्पर्धेत, भर मंचावर, आवाजाच्या जागी नुसती हवा आली. डॉक्टरांनी आत गाठी सांगितल्या. कित्येक महिने ती पाटीवर लिहून बोलत होती. त्यानंतर ती शाळेत मुलांना प्रार्थना शिकवत आली, खालच्या पट्टीत, आणि कुणी 'कमलाक्षीबाईंची मुलगी ना?' असं विचारलं की विषय बदलत आली.

"सगुण म्हणता, मशिनीवर पट्टी दोन घरां खाली घेवया," रघुनाथ म्हणाला. "मग सुमा गाता आरामात. कोणाक काय कळतला?"

"माका कळतला," गोकुळदास म्हणाला. "आईक खाली उतरवची नाय. सुमाक झेपत नाय तर नाय. त्यात लाज कसली? ती मुंबयची पोर गाता काळी पाचला, मी आयकलंय."

"परक्याची पोर आईच्या बाजूक उभी करतलस?"

"आवाज उभो रवता, दादा. पोर नाय."

दोघे भाऊ सुमंगलेबद्दल बोलत होते आणि ती मधे बसली होती, जमिनीच्या वाटणीत मधली बाग बसते तशी. तिला स्वतःलाच कळत नव्हतं आपल्याला काय हवं आहे. गायचं होतं, हे नक्की. आईच्या शेजारी दुसऱ्याच कोणाचा आवाज ऐकून आपण मरू, हेही नक्की. पण आईला ओढून आपल्या पायरीवर आणायचं म्हटलं की गोकुळदासचं पटत होतं.

तेव्हा शर्वाणी आतून लॅपटॉप घेऊन आली आणि बापासमोरच्या मेजावर ठेवला. गोकुळदासची ही मुलगी भौतिकशास्त्र शिकून आता पुण्यात आवाजाच्याच कुठल्याशा कामात होती. चंद्रावती काकीच्या ट्रंकेतली, नारायणकाकांनी भरलेली मूळ टेप तिनेच शोधून काढली होती, साफ केली होती आणि सगुणला नक्कल दिली होती.

"बाबा, मी काही दाखवू? कोणी मधे बोलायचं नाही."

"वर्षिकाच्या दिवशी नाटक नको गो."

"नाटक नाही. तुम्ही सगळे गाणं ऐकता. मी गाण्याच्या मागचं ऐकत होते."

शर्वाणी समजावून सांगायला लागली की तिची बोली गळून पडे आणि पुस्तकी मराठी येई. तिने कसलं तरी बटण दाबलं. गाणं गेलं, पेटी गेली, टाळ गेले. उरली एक जाड, सलग घूं. भिंतीपलीकडे पिठाची चक्की चालावी तशी.

"हे काय?" रघुनाथने विचारलं.

"देवळातल्या लाऊडस्पीकरचं मशीन. ते विजेवर होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि असलं मशीन तोच सूर धरून घुमतं. तेव्हाही पन्नासच. एखादा इकडे, एखादा तिकडे. पण ह्या टेपवर ते किती घेतंय माहीत आहे? छप्पन्न."

तिने पडद्यावरचा आकडा बोटाने दाखवला.

"म्हणजे टेप जोरात पळतेय. म्हणजे भरताना ती हळू फिरत होती. नारायण आजोबांचा टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा ना? सेल संपत आले की त्याची मोटर मंद होते. मंद भरलेली टेप नीट मशीनवर लावली की सगळं पटपट वाजतं, आणि सगळं वर चढतं. पेटीवर मोजलं तर बरोबर दोन घरं." तिने आत्याकडे पाहिलं. "आजी काळी चारला गात होती, आत्या. काळी पाचला कधीच नाही."

गोकुळदास हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"वा! लायटीच्या हिशोबान आता आमच्या आवशीचो आवाज ठरतलो. त्या काळात लाईट कशी होती, ठावक आसा? दिवो लावलो तर तो खंय आसा ता बघूक दुसरो दिवो लागायचो."

"ते कमी दाबामुळे, बाबा. दिवा मिणमिणतो. हेलकावे तेवढेच राहतात."

"आणि पेटी? बाबाजी काळी पाच धरून वाजवायचो, दादान डोळ्यांनी बघलाहा. सांग रे दादा!"

रघुनाथने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तो त्या वेळी शाळेत जाणारा मुलगा होता आणि पेटीवाल्या बाबाजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे. "बघलंय," तो म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून, "बघलंय काय? बोट दिसता माका. काळ्यावर आसा. पण खंयच्या काळ्यावर..." त्याने हवेत बोटं ठेवून पाहिली. "आमचे बाबा सांगायचे, काळी पाच, काळी पाच. ता आयकान आयकान माका बोट दिसता, की बोट बघलंय म्हणान दिसता? माका सांगूक येणा नाय."

"आत्तापर्यंत येय होता!"

"आत्तापर्यंत कोणी विचारूकच नाय."

सुमंगला उठली. पाणी पिण्याचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात गेली. चंद्रावती काकी आदोळीवर बसून संध्याकाळच्या पातोळ्यांसाठी नारळ किसत होती. नारायणकाकांची ही बायको, आईची धाकटी जाऊ. आई गेल्यावर सुमंगलेला हिनेच वाढवलं.

"काकी, काकांचो टेप सेलार चालायचो?"

"सेलार नाय तर कशार? हेंनी कुवेतसून आणल्यानी आणि सगळो वाडो आठ दिवस हय जेवूक. दर माणसान आपलो आवाज भरून आयकलो. त्या बाबल्यान तर आपल्या म्हशीचो भरलो. म्हशीक आयकयलो, तर ती दावा तोडून पळाली." काकी हसली तेव्हा तिचे खांदे हलले. "सेल उतरले तर म्हापश्याक कोण जातलो? मी उन्हात घालीत होतंय. पापडांच्या बाजूक."

"उन्हात?"

"मगो. ऊन लागला की परत जीव येयचो तेंका. वयनीचा गाणा भरला ता त्याच सेलांवर."

सुमंगला भिंतीला टेकली. उन्हात वाळत घातलेले सेल आणि शेजारी पापड, एवढंच तिला दिसत होतं. तिच्या घशातल्या गाठी, म्हापशाचा मंच, पाटीवरची ती अक्षरं. तिने ते सगळं सरळ एका रेषेत लावून पाहिलं आणि रेष पापडांपाशी येऊन थांबली. हसावं की भांडं आपटावं हे तिला ठरवता येईना.

"काकी, आई कशी गायची गो? उंच गायची?"

चंद्रावतीचा हात थांबला. तिने डोळे मिटले.

"कसा सांगू बाये? मी पण आता कॅसेटच आयकतंय. डोळे मिटलंय तरी आत कॅसेटच वाजता." तिने नारळाची कवड फिरवली. "तिका विसरलंय असा नाय. पण त्या गाण्यान तिका झाकून टाकला."

बाहेर येताना सुमंगलेने शर्वाणीला दंडाला धरून मागच्या सोप्यावर नेलं.

"खरं सांग. हे तू माझ्यासाठी केलंस?"

"काय?"

"छप्पन्न. मला काळी चारच झेपते. आणि आज, सगुणला जबाब द्यायच्या दिवशी, तुझ्या मशीनला आई नेमकी काळी चारला सापडते. मी शाळेत शिकवते गो. मार्क वाढवून दिलेले मला ओळखता येतात."

शर्वाणीचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मला पण तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मी आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. मला तुझ्यासाठी काहीतरी सापडायला हवंच होतं, आणि हवं असलं की सापडतं. दुसऱ्याच्या हाती मोजून घेतलं. माझ्या सरांना फक्त घूं पाठवली, कसली ते न सांगता. त्यांनीही छप्पन्न सांगितलं. पण एक आहे, आत्या. मंडपातलं मशीन विजेवरच होतं, जनरेटरवर नव्हतं, हे मी धरून चाललेय. जनरेटर असला तर छप्पन्नला काही अर्थ नाही."

"मग?"

"मग शंभर टक्के नाही. नव्वद म्हण."

"उरलेल्या दहात काय?"

"उरलेल्या दहात आजी काळी पाचला गात होती."

सुमंगलेने तिचा दंड सोडला. मुलीने पूर्ण खात्री दिली असती तर तिने विश्वास ठेवला नसता. आता ठेवावा लागत होता, आणि तो ठेवल्यावरही पाय टेकत नव्हते. ती कॅसेटचीच मुलगी होती. काळी पाचची ती बारीक, लखलखीत आई लहानपणी तापात तिच्या उशाशी वाजत असे. ती आई खोटी होती म्हटलं तर मग इतकी वर्षं आपण कोणाच्या मागे धावलो? आणि जी खरी होती तिला आपण एकदाही ओळखलं नाही, हे कोणाच्या पदरात घालायचं?

"लाव," ती म्हणाली. "खालचं. मला ऐकायचंय."

ओटीवर गोकुळदास जाग्यावरून हलला नव्हता. शर्वाणीने टेप मूळच्या गतीवर आणली आणि गाणं सुरू केलं.

पेटीचे सूर आले, जड, सावकाश. टाळ थोडे उशिरा पडल्यासारखे वाटले. आणि मग एक बाई गायला लागली.

तिला यातलं कोणीच ओळखत नव्हतं.

आवाज रुंद होता. कॅसेटमधली मुलगी घंटेचा आवाज ऐकून धावत सुटे. ही बाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. 'ऐलाड माझे घर' वर कॅसेटमध्ये एक नाजूक थरथर होती, लोक तिच्यावर जीव टाकत. इथे तिथे नुसता श्वास होता. दमलेल्या बाईचा, सगळं आवरून गायला बसलेल्या बाईचा श्वास.

"ह्यो कोण पुरुष गाता?" गोकुळदास म्हणाला. पण त्याच्या आवाजातला टोमणा अर्ध्यातच वाकला.

"सुमासारखा वाटता," रघुनाथ हळूच म्हणाला.

"वाटणारच! सुमासाठीच केलाहा ता!" गोकुळदास उठून उभा राहिला. "दादा, तू मगाशी म्हणी होतस, कोणाक काय कळतला. आता म्हणतस सुमासारखा. उद्या म्हणशील आई नव्हतीच, सुमाच व्हती. मी आठ वर्षांचो होतंय. माका माझी आई ठावक आसा." तो सुमंगलेकडे वळला, आणि तिला दिसलं की त्याचे डोळे भरले आहेत. "तू सांग सुमा. ही आई?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. आतून खोबरं किसल्याचा खर्रखर्र आवाज येत होता.

"नाही," सुमंगला म्हणाली. "मला नाही वाटत ही आई."

खोटं बोललो नाही, एवढंच तिला माहीत होतं. गोकुळदास मटकन खाली बसला. जिंकल्यासारखा नाही, टेकू काढून घेतल्यासारखा. शर्वाणी लॅपटॉपकडे बघत राहिली. थांबवायचं तिच्या लक्षात आलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला थांबवायचं कसं ते ठाऊक नव्हतं, म्हणून गाणं आपल्या चालीने शेवटाला गेलं. पेटीचा भाता पडला. टाळ थांबले. जिथे कॅसेट संपायची ती जागा आली.

टेप पुढे चालूच राहिली.

कोणीतरी खाकरलं. कुठेतरी एक मूल झोपेत कुरकुरलं. आणि त्याच रुंद, दमलेल्या आवाजात, आता गाण्यात नव्हे, घरात बोलतात तसं:

"चंद्रे, गो चंद्रे, हिका घे मगे जरा. मांडयेर निजली ती. पाय मोडलो माझो."

"येतंय गो वयनी!"

हे टेपमधलं नव्हतं. स्वयंपाकघरातून आलं होतं.

आदोळी आपटल्याचा आवाज झाला आणि चंद्रावती काकी दारात आली, लगबगीने, गुडघे दुखतात हे विसरून. बोटांना खोबऱ्याचा कीस चिकटलेला. झोपलेलं मूल अलगद उचलून घेण्यासाठी दोन्ही हात पुढे केलेले. तसे हात धरून ती ओटीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे, आपण वाढवलेल्या, केस पांढरे होत आलेल्या सुमंगलेपुढे, थांबली.

हात तसेच राहिले.

"माका..." तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "माका हाक कोणी मारली?"

गोकुळदास उठला, आपली खुर्ची काकीच्या मागे सरकवली आणि तिला खांद्याला धरून बसवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या हातातला फोन पुन्हा वाजत होता. त्याने तो बघितला नाही.

"मी मांडीवर होते?" सुमंगला म्हणाली. "गाणं भरताना?"

"तू आणखी खंय असतलस?" चंद्रावती म्हणाली. "वयनी उठली की तू रडायचस. म्हणान तुका घेवनच बसली ती." ती अजून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती. "पण आता हाक मारली ती कोणी गो?"

सुमंगलेने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, नुसती एक सपाट रेघ आणि तिच्या खाली ती घूं. हीच आई, असं अजूनही तिच्या आत कोणी म्हणत नव्हतं. फक्त डाव्या गालाला, कुठे ते सांगता येणार नाही असं, जुनेर लुगड्याचं एक ऊबदार पोत लागल्यासारखं वाटत होतं. तेही खरं की आत्ताच ऐकून सुचलेलं, हे रघुनाथच्या बोटासारखंच कधी कळणार नव्हतं.

"शर्वाणी," ती म्हणाली, "पहिल्यापासून लाव."

"वरचं की खालचं?"

"हेच."

ती जमिनीवर मांडी घालून बसली. पेटीचे जड सूर पुन्हा आले, त्या बाईने पहिली ओळ म्हटली आणि दुसरीच्या आधी श्वास घेतला. सुमंगलेने तोच श्वास घेतला. कॅसेटपुढे उभी राहून घसा ताणणाऱ्या त्या मुलीला सवय होती तशी मान वर गेली नाही. पट्टी कुठली ते तिने विचारलं नाही. मांडीवरचं मूल जागं होऊ नये, एवढ्याच आवाजात तिने दुसरी ओळ उचलली.